पऱ्यावरची बिल्डिंग

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही हो. आळीत एक बिल्डिंग येऊ दे, पुरे! २००१-०२ च्या सुमारास रत्नागिरीत आमच्या आळीशेजारची मोकळी जागा विकली गेली, आणि त्या वर्षात आम्हाला एवढे धक्के बसले की शेवटी धक्का बसला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं!

जागेवर बांधायला कोणाची ना नव्हती. पण तिच्यातून आमचा पऱ्या जातो. पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा. वरच्या सड्याचं, म्हणजे कातळाच्या माळाचं, सगळं पाणी तो खाली नेतो. तो बुजवला की पाणी शिरणार थेट कडेच्या घरात, आप्पांच्या स्वयंपाकघरात. आप्पा म्हणजे आमचे रिटायर्ड मास्तर. ते आणि काकू, घरात दोघंच.

आता पहिला धक्का. एक दिवस पँटवाला माणूस टेप घेऊन आला. शेजारच्या नंदाताईंना वाटलं, आला एकदाचा आपल्या रखडलेल्या रस्त्याचा सरकारी माणूस! त्यांनी त्याला कोकम सरबत पाजलं. "वहिनी, जरा टोक धरता?" म्हणाला, तर भर उन्हात अर्धा तास टेपचं टोक धरून उभ्या! पार पऱ्याच्या पलीकडे जाऊन!

संध्याकाळी कळलं, तो बिल्डरचा माणूस.

"अगो बाई!" नंदाताई मटकन खालीच बसल्या.

आप्पा म्हणाले, "शाब्बास! आमच्या घरात पाणी कुठून येणार, ते तुम्हीच मापून दिलंत!"

*

मग निघालं बिल्डिंगचं रंगीत पत्रक. त्यात आमचा पऱ्या निळाशार, कडेला हिरवळ, आणि पाण्यात चार बदकं! खाली लिहिलेलं, 'फ्लॅटधारकांसाठी खास नैसर्गिक झरा'. मी जन्मात त्या पऱ्यात खेकड्याशिवाय काही बघितलं नाही.

आणि नकाशात बघावं तर त्याच झऱ्यावर पार्किंग!

*

आम्ही तक्रार केली. कुठल्या ऑफिसात ते विचारू नका, मी नोकरदार बाई आहे. चार महिन्यांनी साहेब पाहणीला आले. कधी? ऐन मे महिन्यात! पऱ्या ठणठणीत कोरडा. साहेब चकचकीत बूट घालून जागेच्या मधोमध उभे राहिले, चारी दिशांना बघितलं आणि म्हणाले, "कुठाय तुमचा पऱ्या?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही उभे आहात ना, तोच!"

साहेबांनी खाली बघितलं. मग लिहून घेतलं, 'पाणी आढळले नाही.'

माझं तर डोकंच फिरलं. मी म्हटलं, "जुलैत याच जागी उभे राहा, बूट पार खाडीत सापडतील!" तेही लिहून घेतील असं वाटलं, पण नाही घेतलं.

*

सगळ्यात मोठा धक्का मात्र घरचाच. रविवारी मुंबईहून धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, गुड न्यूज! तुमच्या शेजारच्या नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बुक केला!"

माझ्या हातातून रिसीव्हर पडायचाच राहिला. इकडे आम्ही सह्या गोळा करतोय, आणि घरातलाच माणूस तिकडे गिऱ्हाईक!

"कितव्या मजल्यावर?" मी कसंबसं विचारलं.

"ग्राउंड फ्लोअर! जिना नको ना."

"भावोजी," मी म्हटलं, "आधी पोहायला शिका!" आणि फोन आपटला. दोन महिने आमचं बोलणं बंद होतं.

*

शेवटी भूमिपूजन ठरलं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही, आणि आळीत गाऱ्हाणं घालणारे एकच, आप्पा. बिल्डर शेठ मूळचे संगमेश्वराकडच्या खेड्यातले. ते स्वतः आप्पांच्या दारात आले. "मास्तर, गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं."

आणि आप्पा चक्क "येतो" म्हणाले! आम्ही थक्क. नंदाताई तर रडल्याच. "स्वतःच्याच घराला बुडवायला जाताय होय?"

पूजेला सगळे हात जोडून उभे. शेठ नारळ घेऊन पुढे, मागे त्यांची म्हातारी आई. गाऱ्हाण्यात एकाने सांगायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. देवासमोर मध्ये तोंड घालायचं नाही.

आप्पांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! शेठ इथे इमारत बांधतायत, त्यांना यश दे!"

"व्हय म्हाराजा!" शेठचा आवाज सगळ्यात मोठा.

"ह्या जागेतून तुझा पऱ्या वाहतो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हा पऱ्या बुजवणार नाही, असं शेठ आज तुझ्या पायाशी कबूल करतायत म्हाराजा!"

गवंड्यांनी सवयीनं "व्हय म्हाराजा!" म्हणून टाकलं. शेठचं तोंड उघडंच. आप्पा पुढे बोलेनात, डोळेही उघडेनात.

आणि मागून शेठची आई पुढे आली. "व्हय म्हाराजा!" खणखणीत म्हणाली, लेकाच्या हातातला नारळ घेतला आणि दगडावर आपटून फोडला! बाईमाणसानं नारळ फोडलेला आम्ही तोवर कोणी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जाऊन बघतो, तर मुकादम पायानं बांधकामाच्या आखणीच्या फक्कीच्या रेघा पुसत होता, आणि नव्या रेघा पऱ्यापासून वीस पावलं लांब!