पंख्याच्या दोरीची खाच

आमच्याकडच्या जुन्या संस्थानिकांच्या राजवाड्याचं आता संग्रहालय झालं आहे. सकाळभर मी त्याच्या बागेत बकुळीखाली रेंगाळले आणि ऊन तापल्यावर आत गेले. दरबारात सगळे माना वर करून झुंबर बघत होते. माझी नजर शेजारी छताला टांगलेल्या, हाताने ओढायच्या कापडी झालरीच्या पंख्यावर अडली. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती.

"ओढणारा कुठे बसायचा हो?" मी तिथल्या गाईडकाकांना विचारलं.

"मागच्या पडवीत. तिकडे काही नाही बघण्यासारखं, ताई. ते भोकसुद्धा यंदा रंगकामात बुजवणार आहेत."

मी मुद्दाम गेले. पडवी रिकामीच होती. टाचा उंचावल्यावर भोकाच्या कडेला बोट पोचलं. तिथे दोरीने दगडात खाच पाडली होती, खोल आणि गुळगुळीत. आत ज्यांना वारा लागला त्यांची तैलचित्रं आहेत, खाली नावं आहेत. दगड झिजेपर्यंत ज्यांनी दोरी ओढली, त्यांची मागे राहिलेली खूण एवढीच. तीही चुन्याखाली घालायची? का म्हणून? मी तिथेच फरशीवर भिंतीला पाठ लावून बराच वेळ बसले. पडवीत वाऱ्याची झुळूकही नव्हती.

निघताना काकांनी अभिप्रायाची वही पुढे केली. "झुंबराबद्दल लिहा, सगळे तेच लिहितात."

मी लिहिलं, "भोक बुजवू नका. पुढच्या उन्हाळ्यात बघायला येणार आहे."