काळुराम केणेचा डायलॉग

काळुराम केणेला डोंबिवलीजवळच्या कोपर गावात कुणी कधी घाबरलं नाही, आणि ही गोष्ट त्याला आयुष्यभर खुपत राहिली. देह असा, की दारात उभा राहिला तर घरात दिवा लावावा लागे. मिशा कानाला टेकायच्या, आवाज रांजणात बोलल्यासारखा. पण स्वभाव असा, की मांजर आडवी गेली तरी हा 'जा बाय, जा' म्हणून तिला आधी वाट देणार. गल्लीत भांडण झालंच तर त्याची बायको तुळसा पदर खोचून पुढे, आणि हा तिच्या मागे हात बांधून उभा.

त्याच्या बापानं खाडीकाठच्या मिठागरात टाचा फुटेपर्यंत मीठ ओढलं होतं. पुढे मिठागर आटोपलं, शेतं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि केण्यांच्या दोन भावांना एकेक बैठी चाळ तेवढी उरली. काळुराम ज्या कारखान्यात होता त्याला टाळं लागलं तेव्हा तो पन्नाशीला आला होता. घरी बसून करणार काय? गावकीच्या नाटकात तो पहिल्यापासून राक्षस व्हायचा. त्या भांडवलावर तो घोडबंदरच्या बाजूला मालिकांच्या शूटिंगला जाऊ लागला. मंत्र्याच्या मागचा बॉडीगार्ड, तुरुंगातला कैदी, लग्नात मुलीकडचा जाडा काका, अशी कामं मिळायची. तोंडातून शब्द काढायचं काम मात्र कधी आलं नाही.

या नटाला चाहता एकच होता. रामसूरत. जौनपूरकडून मिसरूड फुटायच्या आत आलेला, काळुरामच्या चाळीत पहिल्या खोलीत राहायचा आणि गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं टेबल लावायचा. लग्न करून लक्ष्मीला त्यानं इथेच आणलं. वीस-बावीस वर्षांत तो इथली आगरी बोली अशी बोलायला लागला होता, की पूर्वेकडच्या सोसायट्यांतले लोक त्याला इथलाच समजत. मालिकेत काळुराम दिसायचा अवकाश, की हातातली इस्त्री उभी करून तो ओरडायचा, "काका, दिसलाव! मंत्र्याच्या डाव्या खांद्यामागं!" काळुरामच्या सख्ख्या पुतण्याला, नयनला, काकानं कुठल्या मालिकेत काम केलं हेही ठाऊक नसायचं.

मग केदार आला. डोंबिवली पूर्वेचा, शिकल्यासवरल्या घरातला, आधी जाहिराती करायचा. त्याला पिक्चर काढायचं होतं. नाव होतं 'कोयता और कफन'. कमी खर्चातलं, रक्ताचे पाट वाहणारं.

"काका, यात विषय आहे," केदारनं चहा पिता पिता समजावलं. "एक माणूस गावाहून इथे पोटासाठी येतो. इथला दादा त्याच्या भावाला मारतो, त्याला हाकलून देतो. तो कोयता घेऊन परत येतो आणि एकेकाला कापतो. बाहेरून आलेल्या गरिबाचा सूड. तुम्ही तो दादा. शेवटी तो तुम्हाला वीटभट्टीत घालतो."

"म्हंजे मी मरतो?"

"असे मरता, की लोक टाळ्या वाजवतील."

काळुरामला ते पटलं. वाईट माणूस वाईट मरणानं मरतो, यात गैर काय? आणि डायलॉग होते. पानंच्या पानं डायलॉग होते.

अडचण एकच होती, ते हिंदीत होते. काळुराम हिंदी बोलायला लागला की शाळेत परीक्षेला उभा केलेल्या पोरासारखा दिसायचा. मग रोज दुपारी रामसूरतच्या टेबलापाशी तालीम सुरू झाली. रामसूरत हीरो व्हायचा, मान खाली घालून उभा राहायचा, आणि काळुराम त्याला धमकवायचा. एका ठिकाणी गाडी पुन्हा पुन्हा अडली. हीरोला स्टेशनाबाहेर लोळवून दादा त्याच्या छातीवर पाय देतो आणि बोलतो, तिथे.

"काका," रामसूरत म्हणाला, "हिंदीत तुमीच भ्यालेले वाटता. आपल्या बोलीत बोला ना."

काळुरामनं मिशीवरून हात फिरवला, आणि त्याच्या तोंडून वाक्य आलं, कुणी लिहून न दिलेलं. "तिकीट कारून आयलास ना? आता चौघांच्या खांद्यावरशी जाशील."

रामसूरतनं दोन्ही हात वर केले. "बगा, बगा, काटा आला!" लक्ष्मी आतून बाहेर येऊन बघायला लागली, काय झालं म्हणून. तिघंही हसले. शूटिंगच्या दिवशी दादाचा पांढराशुभ्र झब्बा रामसूरतनंच कडक इस्त्री करून दिला.

शूटिंग खडवलीला झालं, नदीकाठी आणि एका बंद वीटभट्टीत. केदारला ते वाक्य इतकं आवडलं की तीनदा घेतलं. शेवटच्या दिवशी काळुराम लाल सरबतात न्हाऊन भट्टीच्या तोंडाशी पडला, आणि युनिटनं खरंच टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तुळसानं त्याची अवस्था बघून नाक मुरडलं. तिनं पिक्चरही अर्ध्यावर सोडलं. "इतका वंगाल बोलतस तू त्याच्यात. तोंडात शोभत नाय तुज्या," एवढंच म्हणाली.

पिक्चर चाललं नाही. कुठल्याशा ॲपवर पडून राहिलं. पण स्टेशनाबाहेरचा तो तुकडा कुणीतरी कापून काढला, मागे ढोल लावला आणि सोडून दिला. आठवडाभरात तो घराघरातल्या फोनवर होता. भावाचा खून नाही, कोयता नाही, वीटभट्टी नाही. छातीवर पाय, मिशा, आणि ते वाक्य, एवढंच.

केदार आधी हबकला. "काका, लोक उलटंच घेतायत हो. सहानुभूती हीरोला मिळायला हवी होती." पण बघणाऱ्यांचे आकडे वाढत गेले तसा तो बोलायचा थांबला. पुढे त्यानं स्वतःच तोच तुकडा जाहिरातीला लावला.

आणि काळुराम? खोटं कशाला सांगायचं, त्याला गुदगुल्या झाल्या. साठीला टेकलेल्या माणसाला रिक्षावाले थांबून सलाम करायला लागले. क्रिकेटच्या टुर्नामेंटला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणं आलं. शाल, फेटा, ढोल. माइक हातात देऊन पोरं ओरडायची, "दादा, डायलॉग!" तो शेवटचा शब्द अर्धा सोडायचा, आणि अख्खं मैदान तो पुरा करायचं. पुतण्या नयन आता सगळ्यांना सांगायचा, "आपला सख्खा काका हाय." गाडीच्या मागच्या काचेवर त्यानं काकाची मिशी छापून घेतली.

रामसूरत पहिल्या दिवशी हसला होता. पुढे त्याचं हसणं कमी झालं. एकदा तो कपड्यांची घडी घालता घालता, वर न बघता म्हणाला, "काका, काल कोलेजची पोरा मना बोलून गेली तुमचा डायलॉग. दोनदा."

"अरं, गंमत करतान. तुना कोन बोलनार? तू आपला."

"व्हय," रामसूरत म्हणाला, आणि पुढचा शर्ट ओढला.

ते घडलं त्या दिवशी काळुराम ठाण्याला होता, जमिनीच्या कुठल्याशा उताऱ्यासाठी. कचेरीतून बाहेर पडून रिक्षात बसला, तर रिक्षावाल्यानं आरशातून ओळखलं. "काका, तुमचा नवीन रील बघितला. एक नंबर!" आणि फोन मागे दिला.

नवीन? काळुरामनं हौसेनं फोन डोळ्यांजवळ धरला. आवाज त्याचाच होता. पण जमिनीवर पडलेला माणूस नट नव्हता. इस्त्रीचं टेबल उलटं पडलं होतं, निखारे रस्त्यावर सांडले होते, आणि रामसूरत एका हाताला दुसऱ्या हातानं धरून गुडघ्यांवर बसला होता. एक पाय त्याच्या खांद्यावर आला. "बोल! तू बोल डायलॉग!" आणि रामसूरत, ज्यानं हे वाक्य सगळ्यांआधी ऐकलं होतं, तो ते रडत रडत म्हणत होता. पाय कुणाचा, ते काळुरामनं ओळखलं. ते पांढरे बूट नयनला वाढदिवसाला त्यानंच घेऊन दिले होते.

"भारी ना?" रिक्षावाला म्हणाला.

काळुरामनं फोन परत दिला. "गाडी थांबव," म्हणाला, आणि भर उन्हात नाक्यावर उतरून स्टेशनाकडे चालत सुटला.

कारण एवढंसंच होतं. नयनच्या लिननच्या शर्टावर डाग पडला होता. रामसूरत म्हणाला, डाग आधीचाच आहे. नयन म्हणाला, मला खोटं पाडतोस? बरोबर चार दोस्त होते, एकाच्या हातात फोन होता. बाकी सगळं पाठ होतंच.

सरकारी दवाखान्यात रामसूरतचा उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये होता. तुळसा त्याच्या उशाशी बसली होती. काळुराम आला तशी ती उठली आणि बाहेर गेली. लक्ष्मीनं पदर पुढे ओढून घेतला. इतक्या वर्षांत तिनं त्याच्यासमोर असं कधी केलं नव्हतं.

"मी नयनला सोरनार नाय," काळुराम म्हणाला. "पोलिसात चल. मी साक्ष देतो."

रामसूरत छताकडे बघत होता. "नको काका. तुमच्या पिक्चरमदे तो गावाला जातो आन कोयता घेऊन परत येतो. मी नुसता जानार. मना परत यायचा नाय."

"माझी चूक झाली रे."

"तुमची काय चूक? बोलीत बोला, असा मीच बोल्लो ना."

रामसूरतनं मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर काळुरामला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच पोलीस ठाण्यात गेला. वाटेत भावाचं घर लागतं. दारात भाऊ उभा होता. "काळ्या, पोराचा आयुष्य नासवशील. रक्ताचा हाय तो," भाऊ म्हणाला. काळुराम थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या मागे उभा नव्हता.

ठाण्यात तो शिरला आणि बाकावरचे दोघं उठून उभेच राहिले. "अरे दादा! या, या!" साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. काळुरामनं घसा खाकरून सांगितलं, पुतण्याचं नाव सांगितलं, बुटांचंसुद्धा सांगितलं. साहेब मान हलवत ऐकत होते.

"काका, तुमचं मन मोठं आहे. पण ज्याला लागलं तोच आला नाही ना? दवाखान्यात त्यानं 'पडलो' असंच सांगितलंय. आता घरातल्या घरात मिटतंय तर मिटू द्या."

"ह्यात दिसतंय सगला," काळुरामनं फोन पुढे केला.

"आजकाल काय, कुणीही काहीही जोडतं. आवाज तर तुमचाच आहे त्यात. मग तुम्हालाही बसवून घेऊ काय?" साहेब हसले. काळुराम हसला नाही. तेवढ्यात एक तरुण हवालदार फोन वर धरून जवळ आला. "दादा, माझी पोरगी फॅन आहे तुमची. एकदा तिच्यासाठी… डायलॉग."

खोलीतलं सगळं काम थांबलं. सगळे चेहरे त्याच्याकडे वळले, कौतुकानं भरलेले, मैदानातल्यासारखे. काळुराम नाही म्हणायला तोंड उघडत होता. खरंच नाही म्हणणार होता. पण साहेबांचं ते 'तुम्हालाही बसवून घेऊ' कानात होतं, की समोर फोन दिसला की छाती आपोआप पुढे यायची सवय लागली होती, त्याचं त्यालाच पुढे कधी सांगता आलं नाही. आवाज आला. रांजणातला, खणखणीत. वाक्य पुरं झालं. टाळ्या पडल्या. हवालदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून आणखी एक फोटो काढला.

बाहेर आला तेव्हा तक्रार कुणी लिहून घेतली नव्हती, आणि त्यानंही पुन्हा विचारलं नव्हतं.

दुपारपर्यंत ते रेकॉर्डिंगही फिरलं. तुळसानं ते शेजारणीच्या फोनवर पाहिलं. तिनं त्याला जेवायला वाढलं, पाणी ठेवलं, आणि म्हणाली, "त्या सायबाच्या खुर्चीत बसून बोल्लास. निदान उभा तरी राह्याचास." त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

रामसूरत आणि लक्ष्मी गावाला निघाले तेव्हा तुळसा तांदळाच्या भाकऱ्या आणि चटणी बांधून कल्याण स्टेशनला गेली. काळुराम निघाला, तर दारातच म्हणाली, "तू नको येव. तुना बघून लोक जमतील." ते खरंच होतं. तो मागे राहिला. गल्लीत चार-पाच जण आले, पहिल्या खोलीचं कुलूप बघून चिडले. एकाची पँट राहिली होती, एकीच्या दोन साड्या. "न सांगता कसा गेला? या लोकांचा भरवसाच नाही," साडीवाली म्हणाली. काळुरामनं खोली उघडली. कपडे आत होते, घड्या घालून, ज्याचा त्याचा गठ्ठा वेगळा. डाव्या हातानं केलेली इस्त्री असल्यानं कॉलर जरा वाकड्या होत्या. त्यानं एकेकाला बोलावून ज्याचे त्याला दिले. नयनचे दोन शर्ट होते. ते त्यानं उंबऱ्यावर ठेवले आणि आत जाऊन बसला.

महिन्याभरानं केदारचा फोन आला. दुसरा भाग करायचा होता. "पब्लिक डिमांड आहे काका. भट्टीतून तुम्ही वाचता. आता हीरो तुम्हीच."

"आन त्या माणसाचा काय होतो? गावाहून आलेल्या?"

"तो दिसत नाही या भागात."

काळुराम नाही म्हणाला. या वेळी खरंच म्हणाला. केदारनं दोनदा समजावलं, मग दिवा गावातला एक मिशीवाला गाठला. त्याचंही बरं चाललं. नाही म्हटल्यानं कुणाचं काही अडलं नाही, हे काळुरामला सगळ्यात जास्त लागलं. त्यानं मिशा काढल्या. आता त्याला गल्लीबाहेर कुणी ओळखत नाही. नयनचं लग्न ठरलं, पत्रिका आली, तुळसा गेली नाही, काळुराम मांडवात मागे बसून आला.

तो रामसूरतला फोन लावायचा. पुष्कळदा लक्ष्मीच उचलायची आणि 'खेत में हैं' म्हणून ठेवायची. पुढे एकदा रामसूरतनं उचलला. मागे यंत्रांची घरघर होती. तो सुरतेला होता, कुठल्याशा गिरणीच्या फाटकावर. हाताची मूठ वळत नव्हती, म्हणून बसायचं काम धरलं होतं.

"तिथले लोक बरं हायेत ना?" काळुरामनं विचारलं.

"अजून कोनाला ओलखत नाय."

"खोली तुजी रिकामीच ठेवलीय. कोनाला दिली नाय."

पलीकडे कुणीतरी गुजरातीत हाक मारली. रामसूरतनं त्याला तुटक्या गुजरातीत उत्तर दिलं, शब्द शोधत, चाचरत. नवीन बोली तोंडात बसायची होती अजून.

"देवून टाका काका," तो म्हणाला. "बंद खोलीला वालवी लागते." आणि फाटक उघडायला जायचं म्हणून त्यानं फोन ठेवला.