केसपेपरवर लिहिलेली बांगडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तोही डॉक्टरच आहे. तुम्हाला सांगते, कारण आता मला माझाच संताप आवरत नाही.

गडमुडशिंगीत माझा दवाखाना आहे, वीस वर्षं. फॅमिली डॉक्टर म्हणजे घरचं माणूस, असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगतो. पण घरच्या कुणाचं? तपासायला आलेल्या सुनेचं, की तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसणाऱ्या सासूचं?

पूनम सव्वीस वर्षांची. नवरा कागलच्या एमआयडीसीत कामाला. सासू तिला भर दुपारी घेऊन आली. मनगटाला फडकं गुंडाळलेलं.

“बांगडी पिचली ओ मॅडम, भांडी घासताना. दोन पोरांची आई झाली, तरी अक्कल न्हाय!”

मी फडकं सोडलं. बांगडी पिचून अशा जखमा होत नाहीत, या तिनेच करून घेतल्यात, हे मला पहिल्या नजरेत कळलं. शेजारी जुने वणही होते. कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

करायचं काय होतं? सासूला बाहेर बसवायचं. दार लोटायचं. आणि सरळ विचारायचं — जीव नकोसा झालाय का? मरावंसं वाटतं का? मनात काही ठरवलंयस का? विचारल्याने डोक्यात खूळ शिरतं, ही थाप आहे. उलट माणूस मोकळं होतं. हे मला माहीत होतं! मूळव्याधीचं मी पुरुषांना भरल्या दवाखान्यात विचारते. मग हे एक वाक्य जिभेवर का येईना?

कारण विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं. मग गावभर चर्चा, कदाचित पोलीस, आणि त्यांची अख्खी भावकी दुसऱ्या डॉक्टरकडे. म्हणून मी केसपेपरवर लिहिलं — बांगडी लागून जखम. मलमपट्टी केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. सासू म्हणाली, “आमच्या मॅडम म्हंजे घरच्याच की!” मी हसलेसुद्धा.

चार दिवसांनी पूनम एकटी आली, पट्टी बदलायला. पट्टी झाली तरी उठेना.

“मॅडम, थोडं बोलू का? घरात बोललं की नाटक म्हणत्यात.”

बाहेर सात-आठ पेशंट होते. मी म्हणाले, “अशक्तपणा आहे तुला, टॉनिक देते,” — आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला मी कधी नाटक म्हणाले? त्याचा ईसीजी आधी काढते. हिच्यासाठी मात्र पाच मिनिटं निघाली नाहीत. सासूवर, नवऱ्यावर, गावावर चिडायला मला फार सोपं जातं. ते चिडण्याजोगे आहेतच. पण त्यांच्यातलं कुणी वैद्यकी शिकलेलं नव्हतं. मी शिकले होते.

त्याच आठवड्यात पूनमने जीव दिला. कसा, ते लिहिणार नाही.

दिवसकार्य उरकल्यावर तिची आई शिरोळहून दवाखान्यात आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“मॅडम, तुमच्याकडं यायची न्हवं ती? तुमास्नी तरी कवा काय बोलली का वो? माज्या लेकीला बोलायला एक बी माणूस गावलं न्हाय व्हय?”

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “नाही हो मावशी. काहीच बोलली नाही.”

“पयल्यापासनंच घुमी ती,” ती म्हणाली. पदराने तोंड पुसलं आणि गेली.

सहा वर्षं झाली. ती बाई अजून हेच धरून बसलीय, की लेकीने तोंड उघडलं नाही, दोष लेकीच्या स्वभावाचा. आता मी अशा प्रत्येकीला दार लोटून विचारते. पूनमला त्याचा काय उपयोग?

पूनम घुमी नव्हती. ती माझ्याकडे आली, बोलायला लागली, आणि मी तिला गप्प केलं. हे तिच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.