लाइनीच्या आतली भेग

आमच्या उदगीरला एकदा देशाच्या फुटबॉल लीगचे विजेते खेळायला आले होते. ती लीग आता बंद झाली. त्यांची बस हैदराबादला चालली होती, वाटेत एक प्रदर्शनी सामना द्यायचं त्यांनी कबूल केलं. तिकिटांचे पैसे चारा छावणीला जाणार होते. लातूर जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं अजून ‘नवा जिल्हा’च म्हणायची आणि जिल्हा नवा, पण पाण्याची टंचाई जुनीच, असं हसत सांगायची.

आमच्या संघात माझा धाकटा भाऊ उजव्या बाजूनं खेळायचा. एरवी तो देगलूरपर्यंत जीप चालवी. घरात त्याची बायको, सहा महिन्यांची मुलगी, आई आणि मी. माझा अडतीवरचा पगार किराण्यात संपे, बाकी सगळं त्याच्या जीपवर. क्लच आणि ब्रेक दाबणारे त्याचे दोन पाय म्हणजे काय, याचा हिशेब मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मैदान काळ्या मातीचं. दुष्काळात त्याला भेगा पडल्या होत्या. एका भेगेत मी तुरीची काडी सोडली, ती हातातून सुटून दिसेनाशी झाली. मुरूम टाकायला ट्रक मिळेना, सगळे ट्रक छावणीला ऊस वाहत होते. तेव्हा मैदानाचं बघणारे चाचा, म्हणजे पूर्वीचे नावाजलेले खेळाडू आणि आता शिलाई मशीनवर बसणारे गृहस्थ, यांनी छावणीतल्या शेतकऱ्यांना बोलावलं. त्यांनी खळं करतात तसं मैदान केलं. भेगांत उसाचं पाचट कोंबलं, वरून शेणाचा काला फिरवला. शेणाला तोटा नव्हता. पण खळ्यावर पाणी मारून बैल फिरवावे लागतात, तेव्हा ते घट्ट बसतं. इथं पाणी नव्हतं, आणि छावणीतले बैल स्वतःच कसेबसे उभे होते. वरून मैदान आरशासारखं दिसू लागलं. आधी भेगा निदान दिसत तरी होत्या.

सारवण्याआधी मी सगळ्या मैदानावरून फिरलो होतो. पाय जाईल एवढ्या रुंद भेगा सात होत्या. मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, तिकिटं विकली गेली, आता काय करायचं ते सांगा. भावाला सांगितलं, तर तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, “दादा, तू झेंडा धर. जमिनीचं मी बघतो.”

मी लाइनमन होतो. सातांतली सर्वांत वाईट भेग माझ्याच बाजूला, पेनल्टीच्या चौकटीच्या कोपऱ्याजवळ होती. पहिल्या अर्ध्यात भाऊ पलीकडच्या टोकाला हल्ले करत होता. पाहुण्यांचा एक खेळाडू त्या भेगेच्या अगदी कडेवरून गेला, पण जमीन खचली नाही. त्यानं मला धीर यायला हवा होता. उलट चेंडू जवळ आला की माझी नजर त्याच जागेवर जाऊ लागली. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि भाऊ माझ्याकडं आला.

गोल कुणाचाच झाला नव्हता. तेवढ्यात मधून लांब चेंडू आला, भाऊ एकटाच मोकळा सुटला. मागं त्यांचा धिप्पाड बचावपटू. चेंडू सरळ त्या कोपऱ्याकडं घरंगळत होता. मी झेंडा टाकला, आत धावलो आणि भेगेच्या अलीकडं हात पसरून उभा राहिलो.

शिट्टी झाली. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, लाइनमनला बी गोल मारायचाय. भाऊ माझ्या छातीला धडकून थांबला. “येडा झालास का? मोकळा व्हतो मी.”

मी मागं एक पाऊल टाकलं आणि जोर दिला. शेणाचा पापुद्रा फुटला, पाय मांडीपर्यंत आत गेला. भावानं आणि त्या बचावपटूनं मला काखेत धरून वर ओढलं.

पाहुण्यांचा कप्तान आला. त्यानं वाकून भोकात पाहिलं, हात घातला, पाचट बाहेर काढलं. मग मला विचारलं, “ऐसे कितने हैं?”

“सात,” मी म्हणालो.

त्यानं खेळ थांबवला. त्यांचे आणि आमचे, सगळे खेळाडू हातात हात धरून एका रांगेत उभे राहिले आणि एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत पाय आपटत हळूहळू चालत गेले. चाचा चप्पल काढून रांगेच्या टोकाला लागले. जिथं जमीन दबली तिथं छावणीतला खुंटा ठोकला. लोक बसून बघत होते. पैसे परत कुणी मागितले नाहीत. पुढचा खेळ झाला नाही. विजेत्यांना आम्ही बरोबरीत रोखलं, असं गावात अजून सांगतात.

खुंटे मी मोजले. अकरा होते.

चार मला ठाऊकच नव्हते. त्यांतला एक पलीकडच्या कोपऱ्यात होता. पहिल्या अर्ध्यात भाऊ तिथून दोनदा पळत गेला होता, आणि मी झेंडा हातात धरून, तिकडं धोका नाही म्हणून, निवांत बघत होतो.

भाऊही त्या खुंट्याकडं बघत होता. मग म्हणाला, “दादा, घरी न्हाई सांगायचं.”

आम्ही सांगितलं नाही. त्याच्या जीपमध्ये पुढं बसलो की अजूनही माझी नजर रस्त्यावर नसते, त्याच्या पायांवर असते.