पणजोबांची तलवार

बोलण्याआधी त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या कमरेकडे जायचा. मग छाती पुढे यायची, आणि मग ठरलेलं वाक्य: "आम्ही मुठीवर हात ठेवणारी माणसं!"

मूठ म्हणजे तलवारीची. हे गृहस्थ, आम्हा सगळ्यांचे काका, बडोद्याच्या मकरपुऱ्यात आमच्या कारखान्यात नट-बोल्टांची खरेदी बघायचे. मोठ्या साहेबांनी झापलं की मान खाली घालून निमूट ऐकायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "हात मुठीवर गेला होता. आवरला. त्याचं नशीब!"

पुरावा होता ना! बडोद्याच्या दरबाराचा जुना फोटो. मागच्या रांगेत कडेला यांचे पणजोबा, हात मुठीवर. एका साहेबाचा जुना लॅपटॉप घेऊन काकांनी तो फोटो पडद्यावर पसरून ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत दर्शन सक्तीचं.

एकदा नव्या गुजराती इंजिनियरने डोळे बारीक करून विचारलं, "काका, तलवार क्यां छे? मने तो डाघो देखाय छे."

डाग! सरदार घराण्याला डाग? काका लालबुंद झाले. "चल ने," मला म्हणाले, "स्क्रीनच बदलू. याला धार दाखवतो."

रावपुऱ्यातल्या दुकानदाराने त्याच मापाचा पण जास्त रिझोल्युशनचा स्क्रीन बसवला. लॅपटॉप सुरू झाला. अहो, काय सांगू! महाराजांच्या अंगरख्यावरची वेलबुट्टी दिसली, गालिच्याच्या झालरी दिसल्या. आणि मागच्या रांगेत कडेला पणजोबा दिसले. हातात पिकदाणी. छान नक्षीची, झाकणाची.

"जुओ काका, केवुं क्लियर!" दुकानदार खूश.

काकांचा हात कमरेवरून खाली आला. मग ते म्हणाले, "जुना स्क्रीन परत बसव."

"अरे काका, आखी दुनिया सारुं मागे छे!"

"मागू दे दुनियेला चांगला. आम्हाला आमचा जुनाच हवाय."

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "तू पाहिलंस?"

"नाही काका, माझं लक्ष नव्हतं."

"खोटारडा," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला तो घर येईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर कँटीनमध्ये तलवार निघाली नाही. साहेबांनी झापलं तर ते नुसते जागेवर येऊन बसत. इतकी वर्षं त्या तलवारीला आम्ही कंटाळलो होतो, पण खरं सांगतो, तुम्हीही तिथे असता तर म्हणाला असता, काका, एकदा तरी काढा हो ती!

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत ते गेले. भेटायला वाडी भागातल्या त्यांच्या घरी गेलो, तर मुलाने मला ओळखलं. खोली पाहुण्यांनी भरलेली. भिंतीवर तोच फोटो, जुन्या स्क्रीनवरून टिपून मोठा करून लावलेला, होता तसाच अंधुक.

"पप्पा नेहमी सांगायचे," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "नव्या स्क्रीनवर तलवार बघितलेले साक्षीदार फक्त तुम्ही. खरंच दिसली होती ने?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती.

"दिसली म्हणजे काय," मी म्हणालो, "मूठ चांदीची होती."