वरच्या मजल्यावरचे काका

नवी बादली हातात आली की काका आधी ती उलटी करायचे. बुडावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. समोर गिऱ्हाईक असो की कंपनीचा माणूस, ऐकून झाल्याशिवाय ते कुणाशी बोलत नसत. मग चेहरा असा खुलायचा, जणू बादलीनं त्यांना काही गुपित सांगितलंय.

"साखरेपायी माणूस आत येतो, मास्तरीणबाई," ते म्हणायचे, "पण आपला पगार या बादलीतून निघतो."

मास्तरीणबाई म्हणजे मी. मी कधी शाळेत शिकवलेलं नाही. एम.ए. झाल्यावर ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका मोठ्या दोन मजली दुकानात पाट्या लिहिण्याचं आणि मालाची नोंद ठेवण्याचं काम मिळालं, ते करत होते. डबा खाताना पुस्तक वाचायची, एवढ्यावरून काकांनी मला ही पदवी देऊन टाकली होती. काका वरच्या मजल्याचे मॅनेजर. आमच्यासारखेच ग्वाल्हेरचे मराठी. त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते म्हणे. तो मजला ते पलटण असल्यासारखा चालवायचे. फक्त पलटणीत इतकं हसत नसावेत.

तुम्हीही अशा दुकानात गेला असाल. खाली किराणा, वर सगळा संसार: बादल्या, चादरी, स्टीलचे डबे, खेळणी, छत्र्या, कुकर. आपण वस्तू उचलतो, पिशवी भरतो, घरी येतो. दुकान कमावतं कुठून, हे कुणी विचारत नाही. काकांना त्याखेरीज दुसरं काही सुचत नसे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खालून वर फिरवलं.

"ही साखर. जवळजवळ घेतल्या भावात देतो. टोपी बाजारातल्या वाण्याला असा भाव परवडणार नाही. का देतो?"

"लोक यावेत म्हणून."

"बिल्कुल! आणि मीठ कुठे आहे? सगळ्यात मागे. मिठापर्यंत जाईस्तोवर चाळीस गोष्टी नजरेस पडतात. आणि हा बघा डोळ्यांसमोरचा कप्पा. इथे साबण ठेवायचे कंपनी आपल्याला पैसे देते. विकला तर नफा आपला, नुसता बसून राहिला तरी भाडं आपलं. आहे की नाही मजा?"

'आहे की नाही मजा?' हे ते दिवसातून वीस वेळा म्हणायचे आणि प्रत्येक वेळी त्यांना खरोखर मजा वाटलेली असायची.

जिना चढून वर आल्यावर त्यांचा आवाज आणखी चढला. "साखरेचा भाव प्रत्येक बाईला पाठ असतो. दोन रुपये जास्त लावा, दुसऱ्या दिवशी ती दुसरीकडे. आता बादलीचा भाव सांगा बरं!"

मी बादलीवर किमतीची चिठ्ठी शोधू लागले.

"कुणालाच सांगता येत नाही! म्हणून खरी कमाई वर आहे. खालचा मजला माणसं आणतो, वरचा मजला दुकान पोसतो."

मी पुष्कळ पुस्तकं वाचली होती, पण एखाद्या माणसाला बादल्यांकडे पाहून इतका आनंद होऊ शकतो, हे कुठे वाचलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मात्र वरच्या मजल्यावर माणसं येईनाशी झाली. चादरी, डबे लोक फोनवरून मागवू लागले होते. मुख्य कार्यालयातून निरोप आला: फेब्रुवारीच्या मध्यावर आकडे पाहू, विक्री वाढलेली नसेल तर वरचा मजला बंद करून तिथे किराण्याचं गोदाम करू. वर काकांच्या हाताखाली आम्ही अकरा जण होतो. त्यातल्या रेश्माच्या पगारावर तिच्या घरची चार माणसं जेवत होती. माझीही गोष्ट फार वेगळी नव्हती.

काकांनी निरोप वाचला, चष्मा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर आले. "मास्तरीणबाई, संक्रांत! हळदीकुंकू! प्रत्येक घरी तीस-चाळीस बायका येतात की नाही? प्रत्येकीला वाण द्यायचं असतं. म्हणजे एक गिऱ्हाईक, चाळीस नग! मुख्य कार्यालयात कुणाला हे माहीतच नाही!"

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या घरांमध्ये रोज कुठे ना कुठे हळदीकुंकू असतं, आणि मराठी शेजारणींचं पाहून हिंदी घरच्या बायकाही आता ते करू लागल्या आहेत. काकांनी हिशोब मोठ्या दुकानाच्या रीतीनं केला. एकच वस्तू, भरपूर मागवली की स्वस्त पडते. म्हणून टेम्पोभर स्टीलच्या चहागाळण्या मागवल्या. दांड्याला छोटं फूल कोरलेल्या, खरंच देखण्या होत्या.

"बरोबर ना?" त्यांनी मला विचारलं होतं.

मला कळायला हवं होतं. पण मी होकाराची मान हलवली आणि पाटी लिहायला बसले: 'यंदाचं वाण: गाळणी.' कमी बोलायची सवय कधी कधी महागात पडते, ती अशी.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी मी सासूबाईंबरोबर शिंदे की छावनीत हळदीकुंकवाला गेले. पहिल्या घरी गाळणी मिळाली. दुसऱ्या घरी गाळणी. तिसऱ्या घरच्या वहिनींनी ताटावरचा रुमाल मोठ्या हौसेनं काढला, आणि खोलीभर हशा पिकला.

"अगं बाई, आता चहा कमी पडणार!"

"चलो, एक-एक कप के लिए एक-एक छन्नी हो गई!"

वहिनींचा चेहरा पडला. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्याच दुकानातली ना? मला बिल्कुल चांगलं नाही लागलं हो. वाण कसं, शेजारणीपेक्षा वेगळं हवं, आणि देईपर्यंत कुणाला कळायला नको. तुम्ही तर पाटीच लावली! आता तुमच्याकडे कोण येणार?"

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझी आईसुद्धा वाण खाटेखाली लपवून ठेवायची. आता या बायका पाठ फिरवणार, आणि वरचा मजला जाणार, तो माझ्या एका मान हलवण्यामुळे.

सकाळी काकांना सांगितलं.

"तिन्ही घरी?"

"तिन्ही घरी गाळणी."

ते विक्रीला ठेवलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. चष्मा काढून म्हणाले, "ही असती तर तिनं माझे कान उपटले असते." त्यांची पत्नी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. घरात हळदीकुंकू होत नसेल, तर पुरुषमाणसाला हे सांगणार कोण?

"चूक माझी आहे, काका. मला माहीत होतं."

"तुमची कशी? टेम्पो मी मागवला." आणि एकदम उठून उभे राहिले. डोळे चमकायला लागले होते. "थांबा, थांबा. म्हणजे प्रत्येक बाईला चाळीस नग हवेत, पण शेजारणीकडे ते नकोत. आणि शेजारणीकडे काय आहे हे तिला कळतही नाही. मग ते कुणाला कळू शकतं?"

"कुणाला?"

"दुकानाला! सगळ्या तर इथेच येतात. मास्तरीणबाई, फाडा ती पाटी!"

त्या दिवसापासून वरचा मजला पाहण्यासारखा होता. काकांनी गोदामातून कुंकवाचे करंडे, साबणदाण्या, फण्या, छोट्या वाट्या, वातींच्या डब्या, जे होतं ते सगळं काढलं. नियम एकच: एका गल्लीत एक वस्तू एकाच घरी. बाई आली की काका विचारायचे, "गल्ली कोणती?" मग टेबलावर वाकून हळूच सांगायचे, "करंडे सोडून काहीही घ्या. का ते विचारू नका." तिसऱ्या घरच्या त्या वहिनींना त्यांनी घरी जाऊन हात जोडले. उरलेल्या गाळण्या परत घेतल्या आणि वाट्या दिल्या. आठवडाभरात त्याच वहिनी चार जणींना घेऊन जिना चढून आल्या.

दौलतगंजच्या एका आजींनी त्यांना दरडावलं, "माझ्या जावेनं काय घेतलं ते सांग."

"आजी, मारून टाका, सांगणार नाही."

"अरे, मी तुझ्या आईच्या वयाची!"

"म्हणून तर नाही सांगत. उद्या जाऊबाई विचारतील, तेव्हा तुमचं तरी राहील ना माझ्या पोटात?"

आजी इतक्या खूश झाल्या की वाणाबरोबर दोन चादरीही घेऊन गेल्या. असंच होत होतं. वाणासाठी आलेली बाई डबे पाहायची, पायपुसणी पाहायची. काका माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवायचे.

राहिला गाळण्यांचा ढीग. काकांनी त्या दोरीला एकीखाली एक बांधल्या आणि तळमजल्यावर चहाच्या पुड्यांशेजारी टांगल्या. खालचे मॅनेजर तिवारीजी धावत आले.

"अरे काका, ये क्या तोरण बाँध दिया मेरे फ्लोर पे?"

"तिवारीजी, चाय लेगा तो छानेगा भी ना?"

"और बिक्री किसकी?"

"कोड ऊपर का, तो बिक्री ऊपर की. आपको क्या, आपकी तो शोभा बढ़ी!"

चहा घ्यायला आलेला माणूस गाळणीकडे बघायचा, घरची मोडकी गाळणी त्याला आठवायची, हात आपोआप वर जायचा. वर टेम्पोभर ओझं होऊन बसलेली वस्तू खाली एकेक करून निघून चालली होती. रेश्मा दर तासाला खाली जाऊन पाहून यायची आणि जिन्यातूनच ओरडायची, "काका जी, डोरी खाली हो गई!" मग आम्ही दोघी नवी दोरी ओवायला बसायचो. मी आयुष्यात इतकी हसले नव्हते. पुस्तक त्या दिवसांत पिशवीतून निघालंच नाही.

रथसप्तमी झाली. फेब्रुवारीच्या मध्यावर, भर दुपारी, मुख्य कार्यालयाचा फोन आला. आम्ही अकरा जण काकांभोवती उभे होतो. ते नुसतं "जी... जी..." म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"मजला राहतोय," ते म्हणाले. "आणि विचारत होते, गाळण्या बाकीच्या शाखांमध्येही टांगायच्या का? आहे की नाही मजा?"

रेश्मानं एवढी मोठी शिट्टी मारली की खालून तिवारीजी वर बघायला आले.

काका त्यानंतर जेमतेम चार महिने होते. उन्हाळ्यात कूलरच्या जाळीत भरायचा खस, म्हणजे वाळा, विकताना घामानं भिजायचे, तरी जागचे हलायचे नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी सकाळी, घरीच गेले. डॉक्टर येईपर्यंतही थांबले नाहीत.

मोठं दुकान नेहमी पुढच्या ऋतूत जगतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. लोक घामानं हैराण असतात तेव्हा दुकान थंडीचा माल ठरवून टाकतं. लवकर ठरवलं की स्वस्त मिळतो. त्याचा अर्थ मला ते गेल्यावर कळला. जूनअखेर शाळेचे डबे आले, काकांनी मागवलेले. मग छत्र्या. राखीच्या सुमारास भेटीच्या पेट्या. दिवाळीच्या माळा. प्रत्येक खोक्याबरोबरच्या कागदावर त्यांचं नाव असायचं, आणि प्रत्येक माल नेमका हवा तेव्हा आलेला असायचा. आम्ही खोकी फोडायचो, आणि दिवसभर मजल्यावर पुन्हा तीच गडबड.

नोव्हेंबरमध्ये रजयांचा टेम्पो आला. त्यांनी मागवलेल्या मालातला हा शेवटचा. ड्रायव्हर नवा होता. त्यानं कागद पुढे केला.

"मॅडम, जिनका ऑर्डर है, उन्हीं के साइन चाहिए. बुला दीजिए."

"वो नहीं हैं."

"खाने पे गए हैं? मैं रुक जाता हूँ."

तो खरंच थांबला असता. टेम्पोच्या चाकाला टेकून त्यानं बिडीही काढली होती. वर खिडकीत रेश्मा आणि बाकीचे उभे होते, माल कधी चढतोय याची वाट पाहत.

मी कागद घेतला, त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि सही केली.

"उतारो," मी म्हटलं. "सब ऊपर जाएगा."