आईचा रामीरो दुबईत भेटला!

लोक दुबईला सोनं घ्यायला जातात, माझी आई निघाली रामीरोला भेटायला! रामीरो हा मेक्सिकोचा नट. आधी मालिकेत माळी, मग आंधळा डॉक्टर, पुढे सिनेमात हीरो आणि आता पांढऱ्या दाढीचा आजोबा. बाबा गेल्यानंतरच्या सुन्या दुपारी आई त्याची हिंदीत डब केलेली मालिका बघायची. "त्याच्या आवाजामुळे घर रिकामं वाटलं नाही," एवढंच तिला त्याला सांगायचं होतं. नव्या सिनेमासाठी तो दुबईच्या एका मॉलमध्ये येणार असल्याचं दादाने कळवलं आणि आम्ही बॅगा भरल्या.

दादा दुबईतल्या करामा भागात राहतो. जाणार असाल तर तिकडेच उतरा. इडली-डोसा खाली, मेट्रो चालत जाण्याइतकी जवळ, आणि कडक चहा एक-दोन दिरहॅमला.

दुसऱ्या दिवशी मॉल. कार्यक्रमाचं तिकीट दीडशे दिरहॅम. "म्हणजे साडेतीन हजार रुपये!" आई पुटपुटली.

"आई, इथे गुणाकार केला की भूक मरते," वहिनी म्हणाली. "यल्ला, चला!"

रामीरो मंचावर आला आणि मी चक्क शिट्टी मारली. मग त्याने माईक घेतला. आवाज बारीक, जरा घोगरा. आईचा चेहरा पडला. "हा तो नव्हे गं."

"आजी, इट्स डब्ड! दॅट वॉज समवन एल्स!" माझी भाची सारा म्हणाली.

आईने त्याच्यासाठी आणलेला बेसनाच्या लाडवांचा डबा परत पिशवीत ठेवला. मला रडूच यायला लागलं. इतक्या लांब आलो, आणि तो आवाज निघाला मुंबईतल्या कुणा अनोळखी माणसाचा!

साराला शाळेत स्पॅनिश आहे. फोटोची पाळी आली तेव्हा तिने त्याला सगळं सांगून टाकलं. तो खदखदून हसला. "हिंदीत मी कसा बोलतो, ते ऐकवा म्हणतोय," सारा चक्क मराठीत म्हणाली.

आईने घसा खाकरला आणि भर मॉलमध्ये, खर्जात, आंधळ्या डॉक्टरचा संवाद म्हटला: "दरवाज़ा खुला रखना, मारिया. मैं आवाज़ से घर पहचान लूँगा."

साराने अर्थ सांगताच रामीरोची नजर एकदम आंधळ्यासारखी स्थिर झाली. हवेत हात पुढे करून, नसलेलं दार चाचपत, त्याने तेच वाक्य स्पॅनिशमध्ये म्हटलं.

"तोच गं! दार असंच चाचपायचा!" आईने माझा हात घट्ट धरला. मग डबा पुन्हा बाहेर आला, आणि तिचे आभार साराने त्याच्यापर्यंत पोचवले. त्याने उभ्याउभ्या दोन लाडू खाल्ले, आणखी काही रुमालात बांधून घेतले.

तिसऱ्या दिवशी बसने रास अल खैमाला गेलो. डोंगर झकास आहेत, जरूर बघा. आई मात्र खिडकीशी बसून नुसती हसत होती.

पुण्याला परतल्यावर डबा घासायला घेतला, तर आत निम्मे लाडू तसेच.

"हे परत का आणलेस?"

"ते त्या आवाजवाल्याचे," आई म्हणाली. "मुंबईत कुठे राहतो, शोध बरं."